शिळ्या भाताचा डोहाळा

"शिळा भात आहे?"

माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून विचारत होती. सासरी येऊन तिला चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांत तिनं आपण होऊन मागितलेली ही पहिली वस्तू. उशी नाही, ऊन पाणी नाही. शिळा भात.

सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"काय मागते गो ती?"

"शिळा भात म्हणत्येय."

"आपल्या घरात?" सासूबाईंनी अर्धी वाटी खाली ठेवली. "पाच महिन्यांची पोटुशी बाय शिळं मागते. कुणाच्या कानावर गेलं तर म्हणतील, सासू वाढत नाही पोटभर."

मग त्यांनी तांदूळ धुऊन गरम भात टाकला, त्यावर चमचाभर तूप घातलं आणि ते ताट माझ्या हातून तिच्यापुढे पाठवलं. नोएमीनं ते मुकाट्यानं खाल्लं. नोएमी तिचं नाव. पेरू नावाच्या देशातल्या कायाओ बंदरातली. तो देश कुठे आहे ते मला तेव्हा दिगंबरभावोजींनी पोळपाटावर पीठ पसरून दाखवलं होतं: हे आपलं चौल, हा समुद्र, हा दुसरा समुद्र, आणि पोळपाटाच्या पार पलीकडच्या कडेला बोट टेकवून, ही नोएमीची गल्ली.

भावोजी जहाजावर फिटर होते. एकदा त्यांचं जहाज त्या बंदरात दुरुस्तीला तीन महिने अडकून पडलं. बंदराच्या दाराशी एक बाई हातगाडीवर भात परतून विकायची, आणि तिची मुलगी थाळ्या पुढे करायची. भावोजी रोज तिथे जेवायचे. आमचे हे थट्टेनं म्हणत, दिग्यानं भात खाता खाता गाडीवालीची लेकच मागून घेतली. लग्न तिकडेच झालं. इकडे पत्र आलं ते आठ महिन्यांनी. सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवून दिलं, आणि पुढे वर्षभर भावोजींच्या फोनला 'हं' आणि 'बरं' याखेरीज उत्तर दिलं नाही.

आणि आता आषाढ सरता सरता ते तिला घेऊन दारात उभे राहिले होते. नोएमीची आई त्याच वर्षी वारली होती. माहेर म्हणून जे एक दार होतं ते मिटलं होतं. भावोजींना भाद्रपदात पुन्हा जहाज गाठायचं होतं, नऊ महिन्यांसाठी. पहिल्याच संध्याकाळी ते सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले की हिला इथे ठेवून जातो, हिचं बाळंतपण तुझ्या हाताखाली होऊ दे. सासूबाईंनी वात वळता वळता ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "शीतळासप्तमी होऊ दे," एवढंच म्हणाल्या. "मग सांगते." त्या नाही म्हणाल्या असत्या तर नोएमीला परत जावं लागणार होतं, लांबच्या नात्यातल्या एका मावशीकडे. चार जिने चढून जायची ती खोली, आणि त्या मावशीनं फक्त एक खाट देऊ केली होती.

तर शिळ्या भाताचं कोडं भावोजींनीच सोडवलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी चीनमधून पुष्कळ माणसं त्या मुलखात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. आदल्या दिवशीचा उरलेला भात ती मोठ्या जाळावर परतून खात. आलं, लसूण, पातीचा कांदा, असेल तर अंडं नाहीतर कोंबडी, आणि वरून काळा सोया सॉस. हळूहळू तो भात त्या देशाचाच झाला. तिकडे त्याला चौफा म्हणतात. नोएमीची आई तोच विकायची.

"पण भात कालचा हवा," भावोजी म्हणाले. "निवलेला, सुटा. ताजा भात कढईत गेला की त्याचा चिखल होतो. आई, तिला दुसरं काही नको. तिला आईच्या हातचं ते खावंसं वाटतंय. डोहाळे म्हण."

डोहाळे म्हटल्यावर सासूबाई जरा हलल्या. डोहाळा अडवला तर बाळाचा कान फुटतो, हे आमच्याकडे मांजरालाही माहीत. पण पोटुशीला शिळं घालायचं नाही, हेही तितकंच पक्कं. त्यांनी मधला रस्ता काढला: कर म्हणावं काय करायचं ते, पण ताज्या भाताचं.

भावोजींनी अलिबागहून सोया सॉसची बाटली आणली. सासूबाई तिला 'काळं पाणी' म्हणायच्या आणि देव्हाऱ्याच्या बाजूला तिची सावली पडू द्यायच्या नाहीत. नोएमीनं केस वर बांधले, लोखंडी कढई चढवली. तिचा हात बघण्यासारखा होता. आलं ती असं चिरायची की गवताच्या काड्या पडाव्यात. कढई तापली, तेल धुरावलं, आलं-लसूण चर्रकन बोललं, आणि मग तिनं भात टाकला. आमचा तो सकाळचा वाफाळता, मऊ, प्रेमानं शिजवलेला भात. दोन कालथे फिरले नाहीत तोच त्याचा गोळा झाला. काळपट, गिच्च. तिनं एक घास तोंडात घातला, बराच वेळ तो तोंडातच ठेवला. मग आमच्याकडे बघून हसली.

"चांगला आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी ती हसतच होती.

तिचं मराठी नवऱ्याकडून शिकलेलं. त्यामुळे ती पुरुषासारखी बोलायची. मी आलो, मी जेवलो, मी झोपतो. आमच्या सुपारीच्या वाडीतले गडी हसून लोटपोट व्हायचे. 'धाकटे मालक जेवले का?' असं एकानं विचारलं तेव्हा तीही हसली, पण कुणी तिला चूक सांगितली नाही. मीही नाही.

मी तिला पुष्कळ गोष्टी सांगितल्या नाहीत.

लग्न होऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासूबाईंनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही, देवाशपथ. उलट लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांनी डब्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला लावली आणि म्हणाल्या, मंदा, आता तू बघ. तेव्हापासून चूल माझी. कुठल्या बरणीत काय आहे, कुठलं पातेलं बुडाशी लागतं, कुणाला आमटी कशी लागते, सगळं माझ्या हातात. रिकाम्या मांडीवर मी ती चूल घेऊन बसले होते म्हणा ना.

आणि आता ही आली होती. सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या हे खरं. पण तिच्या ताटात काय उरलं ते त्या बघायच्या. ती पायऱ्या उतरायला लागली की त्यांचं बोलणं मध्येच तुटायचं आणि ती खाली पोचली की पुन्हा सुरू व्हायचं. एका दुपारी मी बघितलं, नोएमी ओटीवर झोपली होती आणि सासूबाई तिच्या पायांवर बसणाऱ्या माश्या पदरानं वारत होत्या. मला बघून त्यांनी पदर असा झटकला, जणू सुपारीची धूळ झटकत होत्या. अकरा वर्षांत मला दोनदा हिवताप आला, तेव्हाही त्यांनी माझं सगळं केलं. पण लपून केलं नव्हतं. लपवावं लागतं ते प्रेम निराळं असतं, असं मला त्या दुपारी वाटलं.

एकदा नोएमीनं मला गाठून हळूच विचारलं, रात्रीचा मूठभर भात झाकून ठेवशील? आईंना न कळता? मी ठेवते म्हटलं. सकाळी ती उठून आली तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. भात गाईनं खाल्ला होता. "विसरले गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे वैनी. मी पण विसरतो."

श्रावण लागला. अंडी-मासळी बंद झाली. नोएमीनं तेही समजून घेतलं. अंड्याऐवजी वाडीतलं राजेळी केळं तळून घालता येईल, तिच्याकडे नदीकाठचे लोक तसंच करतात, असं ती हातवारे करून सांगायची. केळं होतं, आलं होतं, बाटली होती. एक कालचा भात तेवढा नव्हता.

शीतळासप्तमीच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळपासून रांधत होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या सप्तमीला आमच्या घरात आग पेटत नाही. सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं आणि सप्तमीला थंड खायचं. आदल्या संध्याकाळी चूल निववून सारवायची, हळदकुंकू लावायचं, तिच्या पोटात हळदीचं कोवळं रोप ठेवायचं. शीतळादेवी रात्री येते आणि त्या गार चुलीत अंग टाकते. तापानं फणफणलेल्या साऱ्या गावच्या लेकरांचा दाह ती अंगावर घेऊन फिरत असते, तिला एक दिवस तरी गारवा नको? त्या दिवशी जी बाई आग पेटवते ती देवीला पोळवते, आणि देवी पोळली की त्या घरातलं लेकरू तापानं पोळतं. सासूबाई शेण सारवता सारवता गुणगुणत होत्या:

"शीतळाबाई आली, माझ्या चुलीत निजाया
नको गं फुंकू जाळ, तिची पोळेल गं काया"

घरात गॅस येऊन सात-आठ वर्षं झाली होती. पण गॅस काय नि चूल काय, आग ती आग. सासूबाईंनी शेगडीही लखलखीत पुसली, तिच्यावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. ओट्यावर दोन मोठ्या पराती भरून भात पसरला होता, दहीभातासाठी. दाणा न् दाणा सुटा, मोगऱ्याच्या कळ्या वाळत घालाव्यात तसा.

"तिला उद्याचं नीट समजाव," सासूबाई मला म्हणाल्या. "तिची भाषा मला येत नाही, आणि दिगंबर आज मुंबईला राहणार." भावोजींची जहाजावर जाण्याआधीची तपासणी होती.

दिवेलागणीला नोएमी स्वयंपाकघरात आली. सासूबाई तुळशीपाशी होत्या. ती पराती बघत उभी राहिली. मग शेगडी बघितली, फूल बघितलं. तिनं एक शीत उचलून बोटांत दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळून तिनं काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. आणि ती एकदम माझ्या गळ्यात पडली. तिचं ते गोल पोट माझ्या पोटाला लागलं. आत काहीतरी हललं, माशानं शेपटी मारावी तसं. मी तशीच उभी राहिले, हातातलं फडकं धरून.

सप्तमीला सकाळी सासूबाई आणि मी देवळाला निघालो. नोएमीला चालवत न्यायचं नाही, असं सासूबाईंनीच ठरवलं. हे वाडीत पावसानं गळलेली सुपारी बघायला गेले होते. देवळात बायकांची ही मोठी रांग. कुणाच्या हातात पाण्याची कळशी, कुणाच्या हातात दहीभाताची वाटी. सासूबाईंनी देवीला पाणी घातलं आणि पदर पसरून बराच वेळ काही मागितलं. त्या उठल्या तेव्हा म्हणाल्या, "मंदा, मी विचार केलाय. राहू दे तिला. दिगंबर आला की सांगते."

मला वाटलं, पायाखालची फरशी ओली आहे म्हणून मी घसरत्येय.

घरी यायला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी मला वाटेत कुणी भेटावं, सासूबाईंना कुणी बोलत उभं करावं असं वाटत होतं, आणि धावत पुढे जावं असंही वाटत होतं. आम्ही बेड्यातून अंगणात शिरलो आणि वास आला. आल्याचा, तापल्या तेलाचा, काळ्या पाण्याचा.

सासूबाईंचं पाऊल अडलं. मग त्या अशा चालायला लागल्या की मला गाठवेना.

शेगडी भडकलेली होती. झेंडूचं फूल बाजूला एका बशीत, नीट, देठावर उभं करून ठेवलेलं. नोएमी कढई हलवत होती आणि भात उडत होता. सुटा, सोनेरी-काळा, दाणा दाण्याला न चिकटलेला. केळ्याच्या चकत्या ताटलीत कुरकुरीत होऊन पडल्या होत्या, पातीचा कांदा हिरवागार चिरलेला. तिचं तोंड घामानं चमकत होतं. इतके दिवस मी तिला बघत होते, पण तशी बघितली नव्हती. आपल्या आईच्या गाडीपाशी ती अशीच दिसत असणार.

"आई," ती म्हणाली, "आज मी वाढतो. तुम्ही बसा."

सासूबाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला. कढईतला आवाज हळूहळू विझला. 

"मंदा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळल्याही नाहीत. "हिला सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं."

कसं आलं ते तोंडून मला माहीत नाही. पण आलं.

नोएमीला तेवढं मराठी कळत होतं. तिनं सासूबाईंकडे बघितलं, शेगडीवरच्या पुसट झालेल्या हळदीच्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या हातात कालथा तसाच होता. माझ्या तोंडावर तिनं काय वाचलं देव जाणे. पण तिच्या डोळ्यांत प्रश्न आला, थांबला आणि गेला.

"हो," ती म्हणाली. "वैनी सांगितला. मी विसरलो."

सासूबाई पाटावर बसल्या. एकाएकी थकल्यासारख्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"सांगितलेलं जिच्या मनात राहत नाही," त्या म्हणाल्या, "तिला ठेवून घेऊन मी उद्या काय करू? दिवस भरत येतील तेव्हा हे करू नको, ते खाऊ नको, शंभर गोष्टी सांगायच्या. ही विसरली तर? माझ्या घरात देवी पोळली, आता हिचं लेकरू..." त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "दिगंबर आला की सांग त्याला. जाऊ दे हिला तिच्या मावशीकडे. मला नाही हे ओझं पेलायचं."

नोएमीला सगळं कळलं नसेल. 'मावशी' कळलं. तिनं कालथा हळूच खाली ठेवला, आवाज होऊ न देता, आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला जे हवं होतं ते झालं होतं. चूल माझी राहिली होती. तिच्यावर हळद पुसलेली, भोवती तेलाचे थेंब उडालेले.

"आई, मी सांगितलं नव्हतं."

सासूबाईंनी मान वर केली.

"काल ती इथे आली. भात बघितला, शेगडी बघितली, फूल बघितलं. आणि तिनं मला विचारलं..." मी परातीकडे बोट केलं. "तिनं विचारलं, हे सगळं माझ्यासाठी? मी म्हटलं, हो. तुझ्यासाठी."

मला वाटलं त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, जशी एखादी बाई आपल्याच घरात न बघितलेली खोली बघते.

"कशापायी गो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.  मी नुसता माझा हात पोटावर ठेवला, माझ्या सपाट पोटावर. त्यांनी तो बघितला आणि नजर खाली घातली.

त्या उठल्या. दह्याचं भांडं घेतलं, दोन बोटांनी दही काढून चुलीच्या कडेला लावलं, मग शेगडीच्या तापल्या लोखंडावर. तिथे ते चरचरलं. "पोळलं असेल तर पोटात घाल गो माये," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "देवीला पोळलं तर दही लावता येतं. त्या लेकराचा कान फुटला तर काय लावू मी? पंधरा दिवस एका पोटुशीला तरसवलं आपण. मी शिळ्याच्या लाजेनं आणि तू... तू तुझ्या दुःखापायी."

त्यांनी स्वतः ताट घेतलं, स्वतः कढईतला भात वाढला, वर केळ्याच्या चकत्या मांडल्या आणि ते नोएमीच्या पुढ्यात ठेवलं.

"खा. गरम आहे तोवर खा."

नोएमी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "तुम्ही?"

"आम्ही थांबतो. आज आम्हाला गरम चालत नाही." सासूबाईंनी उरलेला भात परातीत पसरला, विंझणा घेतला आणि वारा घालू लागल्या. भात निवेपर्यंत आम्ही तिघी बसलो. नोएमी खात होती. पहिला घास तिनं डोळे मिटून खाल्ला, आणि मग ती अशी जेवली, जणू पंधरा दिवसांची भूकच जेवत होती. विंझण्याच्या लयीत सासूबाईंच्या ओठांत काहीतरी जुळत होतं. आधी मला वाटलं जुनं काही आहे. मग शब्द कानावर आले.

"सात समुद्रांपल्याड, माझ्या सुनेचं माहेर
तिच्या गं डोहाळ्याला, शिळ्या भाताचा आहेर"

तोंडातल्या तोंडात म्हटलं त्यांनी, आणि पुन्हा म्हटलं नाही. मग विंझणा न थांबवता मला म्हणाल्या, "तिला सांग. मला सांगितलंस तसं. तिला कळेल अशा बोलीत."

ते सांगणं फार कठीण गेलं. माझं इंग्रजी सातवीतलं, तिचं मराठी नवऱ्याचं. मी भाताकडे बोट केलं, शेगडीकडे केलं, माझ्याकडे केलं. 'मी खोटं बोलले, मुद्दाम' असं तिला समजावायला मला तीनदा सांगावं लागलं, आणि तीनही वेळा ते तितकंच लागलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "माहीत आहे. आई विचारला, तेव्हा कळला."

"मग तू का म्हणालीस, विसरले म्हणून?"

ती शब्द शोधत राहिली. एक चकती बोटानं ताटात फिरवत.

"तू घाबरला होता," ती म्हणाली. "मी इथे रोज घाबरतो. मला ओळख येतो."

परातीतला भात निवला होता. सासूबाईंनी तीन बोटांनी थोडासा उचलून देवीपुढे ठेवला, मग स्वतः एक घास घेतला. चावत राहिल्या. त्यांच्या तोंडावर काही उमटेना. नोएमी श्वास धरून बसलेली. "केळं बरं लागतंय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

मग मी खाल्लं. थंडगार, सुटा, आल्याची झणझण, केळ्याचा गोडवा, त्या काळ्या पाण्याची खोल चव. मी घास गिळला आणि नोएमीनं विचारलं, कसा आहे?

चांगला आहे, असं म्हणणार होते मी. तोंडाशी आलं होतं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. मिठाची बरणी कुठे असते ते तिला मी कधी दाखवलं नव्हतं, पण तिनं ती बरोबर काढली. मुठीत मीठ घेऊन आली आणि माझ्या हातावर घालायला तिनं हात पुढे केला.

"हातावर नको गो घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "हातात मीठ दिलं की भांडणं लागतात. वाटीत घाल म्हणावं तिला."

माझा तळहात पुढे झाला होता. मी तो मागे घेतला नाही.

"लागू देत," मी म्हटलं.

भांडणं लागलीच. मार्गशीर्षात मुलगी झाली, त्याच्या आतच आमची तीन झाली. एक विळी उघडी ठेवण्यावरून, एक माझ्या बरण्या तिनं उंचीप्रमाणे लावल्या म्हणून, आणि एक कशावरून ते आता आठवत नाही, पण ती तिच्या भाषेत आणि मी चौलच्या भाषेत, दोघी कंबर कसून उभ्या होतो. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारू लागल्या, काय चाललंय गो तुमच्याकडे?

सासूबाई ओटीवर सुपाऱ्या निवडत होत्या. "काय सांगू बाय," त्या म्हणाल्या, यंदा वाडीनं दुप्पट दिलं असं सांगावं तशा आवाजात, "आमच्या दोन्ही सुना भारी भांडतात."